जिन्यातल्या चपला

रविवारची हजेरी किती झाली ते मला चपलांवरून कळायचं. उपासना चालू असताना उठून माणसं मोजणं बरं दिसत नाही. म्हणून शेवटचं गाणं सुरू झालं की मी हळूच दार उघडून जिन्यात जायची आणि जोड मोजायची. बायकांच्या चपला, पोरांचे कॅनव्हासचे बूट, पहिल्या पाळीवरून परस्पर आलेल्यांचे कंपनीतले लोखंडी टोकाचे बूट. आम्ही तेव्हा चिंचवडला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. मंडळीची, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या आम्हा ख्रिस्ती लोकांच्या समूहाची, पहिली वही माझ्याच हातची आहे. तिच्या पहिल्या पानावर लिहिलंय, ‘जोड 19, कडेवरचं 1’.

साल 1988. पण मंडळी सुरू करण्याचं कारण आदल्या उन्हाळ्यात घडलं होतं आणि ते काही फार आध्यात्मिक नव्हतं.

आमच्या मागच्या गल्लीत राहुरीकडचं एक कुटुंब होतं. आमच्यासारखंच, कंपनीमुळे आलेलं. त्यांचे वडील पोराकडे राहायला म्हणून आले आणि चार दिवसांत वारले. मातीसाठी जागा विचारायला आमचे हे आणि आणखी दोघं गेले. तिथे पहिला प्रश्न, “तुम्ही कुठल्या मंडळीचे? पाळकाची चिठ्ठी आणा.” पाळक म्हणजे मंडळीचे धर्मगुरू. आता कुठल्या मंडळीचे सांगणार? बाप्तिस्मा गावाकडचा, लग्न गावाकडचं, नाताळही गावाकडेच. इथे नऊ वर्षं राहून आमचं नाव कुठल्याच रजिस्टरात नव्हतं. एक पाळक बाहेरगावी गेलेले, दुसरे म्हणाले मी यांना ओळखत नाही. त्यांचं तरी काय चुकलं? सकाळपासून दुपारपर्यंत बर्फाच्या लादीवर ठेवलेलं मयत शेवटी टेम्पोत घालून गावाला नेलं. शंभराच्या वर किलोमीटर, मे महिन्यात.

परत येताना टेम्पोत हे लोक काय बोलले ते मला माहीत नाही. पण घरी आल्या आल्या हे म्हणाले, “आपली एक मंडळी पाहिजे. निदान चिठ्ठी द्यायला तरी.”

आता आमच्या लोकांविषयी थोडं सांगायला हवं. आम्ही नगर जिल्ह्यातले. माझं माहेर नेवासा तालुक्यातलं, वडाळ्याच्या आसपासचं. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1831 साली नगरला येऊन राहिली आणि पुढे खेडोपाडी शाळा निघाल्या, वडाळ्याला मिशनचं मोठं ठाणं झालं. माझ्या पणजोबांच्या आधीपासून आम्ही ख्रिस्ती. गावाकडे आम्ही चर्च म्हणत नाही, देऊळच म्हणतो. “देवळात चल गं, घंटा झाली.” भेटल्यावर एकमेकांना “सलाम” म्हणतो. ते देऊळ, ती घंटा, समोरची चिंच, सगळं आम्ही जन्मलो तेव्हा होतंच. कुणी बांधलं, पैसे कुठून आले, कौलं कोण बदलतं, हे मी कधी विचारलं नाही. मिशनचं आहे म्हटलं की झालं. आयत्या देवळात वाढलेली माणसं आम्ही. मंडळी ही स्थापन करायची गोष्ट असते, हेच आमच्या डोक्यात नव्हतं.

पुण्यात मराठी चर्च होती, नाही असं नाही. गुरुवार पेठेतलं पंचहौदचं देऊळ तर किती जुनं. पण चिंचवडहून दोन पोरं घेऊन लोकलने शिवाजीनगर, तिथून बस, आणि परतीची लोकल चुकली की दुपारच्या जेवणाचे तीनतेरा. शिवाय आमच्या भागात बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. विजेचं गणित तसं होतं. रविवारी सकाळी निम्मे पुरुष मशिनवर उभे. त्यामुळे आमची उपासना ठरली रविवारी संध्याकाळी साडेपाचला, पहिली पाळी सुटून माणूस अंघोळ करून येईल अशा बेताने. गावाकडून कुणी आलं की नाक मुरडायचं, “संध्याकाळची कसली उपासना?” मी म्हणायची, “येशूचं शिष्यांबरोबरचं प्रभुभोजन तर रात्रीच झालं होतं ना?” यावर कुणाला उत्तर सुचायचं नाही.

पहिल्या रविवारी सात घरं होती. पेटी आमच्याकडे होती, ढोलकी शेजारच्या भजनी मंडळातून मागून आणली. पाळक नव्हते, म्हणून कंपनीत फिटर असलेल्या एका काकांनी शास्त्र वाचलं. वाचताना त्यांचा आवाज असा खणखणीत लागला की खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी वर येऊन विचारलं, भांडण तर नाही ना?

तेच गृहस्थ पुढे चपलांवरून आमच्या मागे लागले. जिना सगळ्यांचा आहे, चपला पायरीवर पसरतात, कुणी पडलं तर? त्यांचं बरोबर होतं. मग आम्ही पोत्यांत चपला भरून दाराआड ठेवायला सुरुवात केली, आणि उपासना सुटल्यावर अर्धा तास आपापला जोड शोधण्यात जायला लागला. खरं सांगू, मंडळी जी काही जमली ती त्या अर्ध्या तासात. उपासनेत सगळे गप्प बसलेले असत. पोत्याभोवती उकिडवं बसून मात्र कुणाची बहीण लग्नाची आहे, कुठे भाड्याची खोली मिळेल, कुणाला कंपनीत कायम केलं, सगळं निघायचं.

काही महिन्यांनी पिंपरीत राहणारे एक निवृत्त पाळक भेटले. सत्तरीचे, धोतर आणि काळा कोट, हातात छत्री. महिन्यातून एकदा येईन म्हणाले, बसभाडंही घ्यायला तयार नव्हते. अभिषिक्त पाळकाशिवाय प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या त्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा विधी, होत नाही, त्यामुळे आमचं पहिलं प्रभुभोजन व्हायला सात महिने लागले. त्याची तयारी माझ्याकडे. काळ्या मनुका रात्री भिजत घातल्या, सकाळी उकळून कुस्करल्या, जुन्या मलमलच्या ओढणीतून गाळल्या. रंग छान आला, पण चव चिंचेच्या सारासारखी झाली म्हणून चमचाभर साखर टाकली. ते पाप की नाही, हे मी पाळकसाहेबांना कधी विचारलं नाही. छोटे पेले कुठून आणणार? आमच्यातली एक बाई दवाखान्यात कामाला होती. तिने खोकल्याच्या औषधावरची मापाची टोपणं जमवून आणली, तीसेक. गरम पाण्यात तीनदा धुतली तरी पहिल्या वेळी सगळ्यांना मनुकांबरोबर जरा औषधाचाही वास आला. म्हातारे पाळक पेला ओठाला लावून क्षणभर थांबले. काही बोलले नाहीत.

आता भांडणांकडे येते, कारण त्यांच्याशिवाय हे सांगणं खोटं होईल.

1970 साली 29 नोव्हेंबरला नागपुरात सहा पंथ एक होऊन उत्तर भारतीय मंडळी झाली, हे आम्ही शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, पाठ केलेलं. कागदावर एक झाले ते झाले. माझ्या बाहेरच्या खोलीत मात्र दहा बाय बाराच्या जागेत सगळे पंथ वेगवेगळेच बसायचे. आम्ही नगरकडचे मांडी घालून बसून प्रार्थना करणारे. औरंगाबादकडचं एक घर गुडघ्यांवर येणारं, त्यांना छापील प्रार्थना पाहिजे, शब्दाला शब्द. मेथडिस्ट घराचं निराळं. आणि एक कुटुंब असं, की तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडलं तर तो बाप्तिस्माच नव्हे म्हणणारं. माणूस मोठा होऊन, कबुली देऊन पाण्यात बुडाला पाहिजे. त्यांची सून आणि माझी जाऊ एकाच महिन्यात बाळंत झाल्या तेव्हा तर घरात दोन तट पडले. तोड पाळकसाहेबांनी काढली. ज्यांना बाळाचा बाप्तिस्मा हवा त्यांनी तो करावा, ज्यांना नको त्यांच्या बाळासाठी नुसती समर्पणाची प्रार्थना होईल, आणि दोन्हींची नोंद एकाच रजिस्टरात. मला वाटतं त्या रजिस्टराने आम्हाला फुटू दिलं नाही. दुसरं रजिस्टर विकत घ्यायला पैसे नव्हते, हेही आहेच.

गाण्यांचं भांडण आणखी लांबलं. पोरांना गिटार पाहिजे होती. मोठ्यांना रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं. माझे सासरे म्हणायचे, टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले त्याच्या आधी आपले लोक साहेबांच्या चालीवर अडखळत गात होते. टिळकांनी आणि कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी अभंग, कीर्तन दिलं म्हणून ख्रिस्त आपल्या ओट्यावर येऊन बसला, आणि तुम्ही पुन्हा साहेबाच्या दारात निघालात? यावर आमचा धाकटा म्हणाला, “आजोबा, पेटी पण साहेबांनीच आणली.” सासरे आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. पुढे गिटार आली, पेटीही राहिली, आणि दोन्ही एका सुरात कधीच लागल्या नाहीत.

एक भांडण मात्र हसण्यासारखं नव्हतं. पहिल्या प्रीतिभोजनाला स्वयंपाक कुणी करायचा हे ठरत असताना एक बाई उठून हळूच मला म्हणाल्या, “त्यांच्या हातचं आमच्याकडे चालत नाही.” ‘त्यांच्या’ म्हणजे कुणाच्या, हे न विचारता कळलं. दोन पिढ्यांपूर्वी कोण महारवाड्यातून आलं आणि कोण मांगवाड्यातून, हे देवळात विचारायचं नाही म्हणतात, पण लग्न जमवताना सगळ्यांना पाठ असतं. मी त्या बाईंना काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी कणीक मळायला त्या दोघींनाच एका परातीवर बसवलं. दोघी बसल्या, मळली, एकमेकींकडे बघितलं नाही. पुढच्या वर्षी त्यातली एक दुसऱ्या चर्चला जायला लागली. हजेरीत पाच जोड कमी झाले. वहीत मी कारण लिहिलं, ‘जागा बदलल्यामुळे’.

घर पुरेनासं झालं तेव्हा एका शाळेचा वर्ग रविवारपुरता भाड्याने मिळाला. बाकं चौथीच्या पोरांच्या मापाची. मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसायची. फळ्यावर शनिवारचा पाढा तसाच असायचा आणि त्याखाली आमचा आठवड्याचा पाठ. तिथे आमचा आकडा पन्नासच्या वर गेला, तिथेच पहिल्या लग्नाची पुकार झाली, लागोपाठ तीन रविवार. कुणाला हरकत असेल तर सांगावी म्हटल्यावर मागून एका पोराने “मला भूक लागलीय” म्हणून सांगितलं.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही त्या शाळेतच होतो. 30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी होती, उशिरापर्यंत ढोल चालले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला तिकडे जमीन हलली. त्या रविवारी उपदेश झालाच नाही. चादरी, भांडी, काड्यापेट्या, धान्य, जे येईल ते वर्गात जमा करून आम्ही यादी करत बसलो. मंडळीबाहेरच्यांनीही आणून दिलं. जुन्या जिन्यातले ते खालचे गृहस्थ स्वतः दोन नवी लुगडी आणि एक घागर घेऊन आले. मला वाटलं आता यांचा राग गेला. जाता जाता म्हणाले, “वहिनी, आमच्या जिन्यात अजून एक पोतं पडलंय तुमचं.”

मग नोंदणी. भाडेकरार करायचा, बँकेत खातं काढायचं, तर संस्था पाहिजे. वकिलांनी सांगितलं, 1860 च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला निदान सात जण लागतात, आणि मग 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंद. सात जण सोपे. घटना लिहिताना पंच किती, मुदत किती, हिशेब कोण ठेवणार, बायका पंच होऊ शकतात का, यावर चार बैठका झाल्या. शेवटचा प्रश्न मी उपस्थित केला होता. उत्तर आलं, “घटनेत ‘कोणीही सभासद’ असं घाला, म्हणजे वाद नको.” मी म्हटलं घाला. दोन वर्षांनी त्याच कलमावर बोट ठेवून मी खजिनदार झाले.

अर्जात न्यासाची मालमत्ता दाखवावी लागते. स्थावर काही नाही. जंगम मालमत्तेची यादी मीच लिहून दिली. सतरंज्या 4, पेटी 1, ढोलकी 1 (पान फाटलेलं), अर्पणाच्या थैल्या 2, पाण्याचं पिंप 1, प्लॅस्टिकचे पेले 31. कार्यालयातल्या माणसाने पेल्यांपाशी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. काय सांगणार त्याला? नोंदणी व्हायला वर्ष गेलं. दाखला हातात आला त्या संध्याकाळी हे आणि फिटरकाका परस्पर जाऊन रबरी शिक्का करून आले. दोघांना कोण आनंद! कोऱ्या कागदावर सात-आठ वेळा उठवून बघितला. राहुरीकरांचा मुलगा तिथेच बसला होता. त्याने तो कागद उचलला, घडी केली आणि खिशात ठेवला. तेव्हा खोलीत कुणी काही बोललं नाही.

जागेसाठीचे पैसे कसे जमले ते सांगायला मला आवडतं. माझी आई गावाकडे रोज भाकरीचं पीठ काढताना एक मूठ बाजरी वेगळ्या गाडग्यात टाकायची, ती मंडळीची. मी तेच इथे तांदळावर सुरू केलं आणि बायकांना लावलं. महिन्याला ते तांदूळ आपल्यातच विकायचे. पण खरी कमाई कापणीच्या सणाची. आम्ही शहरात कापणार काय? तरी गावाहून कणसं, ऊस, कोंबडी, अंडी यायची आणि लिलाव व्हायचा. एकदा एक डांगर तीनदा विकलं गेलं. पहिल्याने शंभरला घेतलं आणि परत अर्पण केलं. दुसऱ्याने दोनशेला घेऊन परत दिलं. तिसऱ्याने तीनशे पंचवीस मोजले आणि तोही परत देणार तेवढ्यात त्याची बायको उठून डांगर काखेत मारून घरी निघाली. म्हणाली, “पुरे झालं, आज रात्री भाजीला काही नाही.”

पहिल्या जागेत आम्ही फसलो. एका दलालाने नोटरीच्या कागदावर इसार घेतला, पंधरा हजार, आणि तीच जागा आणखी दोघांना दाखवली. पैसे बुडाले. त्या बैठकीत मी खजिनदार म्हणून उभी राहून वही वाचली, तेव्हा माझा आवाज फुटेना. मुठी मुठीचे तांदूळ होते ते. कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. फिटरकाका एवढंच म्हणाले, “सात-बारा मागितला होता का आपण?” नव्हता मागितला. देऊळ आयतं मिळालेल्यांना सात-बारा मागायची सवय नसते. दुसऱ्या जागेच्या वेळी मी तलाठ्याकडे इतक्या खेपा घातल्या की तो मला चहा पाजायला लागला.

आधी पत्र्याची शेड, मग विटांच्या भिंती. सिमेंटच्या गोण्या वाहायला दर गुरुवारी कंपनीतले लोक यायचे. गुरुवारच्या सुट्टीचा तेवढा एक फायदा झाला. निवृत्त पाळकसाहेब तोवर राहिले नव्हते. नवे पाळक तरुण, पूर्णवेळ, मोटरसायकलवर येणारे. त्यांचा पगार ठरवताना पुन्हा भांडणं झाली, ती सांगत नाही.

नव्या देवळात बाकं केली. मोठ्या माणसांच्या मापाची, पाठ टेकायला फळी असलेली. आणि बाकं आली म्हणताना चपला काढायचं कारण उरलं नाही. देवळाच्या समर्पणाच्या रविवारी, सवयीने, शेवटच्या गाण्याला मी उठून बाहेर गेले. दारात एकच जोड होता. काळ्या चामड्याचा, एका बाजूला झिजलेला, अंगठ्याला शिवण घातलेला. माझ्या आईचा. सकाळी एसटीने आली होती.

आत येऊन बघितलं तर आई बाकावर नव्हती. पुढे, बाकं आणि वेदीच्या मधल्या मोकळ्या फरशीवर पदर पसरून मांडी घालून बसली होती, आणि तिला बघून आणखी दोन म्हाताऱ्या बाकावरून उतरून तिच्याकडे सरकत होत्या. त्यातली एक बसल्या बसल्या पायातल्या चपला काढून बाकाखाली ढकलत होती.

मग मी पहिल्यांदाच मागे उभी राहून, बोट न दाखवता, डोकी मोजली. दोनदा मोजली, कारण पोरं एका जागी बसत नव्हती. वहीत लिहिलं, ‘हजेरी 164’. आणि सवय म्हणून खाली, ‘जोड 1’.